नऊ सेकंदांची बाई

कडुबा तो सिनेमा चौथ्यांदा बघत होता. या खेपेला हातात स्टॉपवॉच होतं.

सकाळचे सहा वाजले होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण पहिल्या पाळीचं उठणं अंगातून गेलं नव्हतं. पाचला जाग. साडेपाचला अंघोळ. मग वाळूजच्या कारखान्याची बस यायची वेळ होई आणि कडुबा इस्त्रीचा शर्ट घालून नुसता बसून राही. चौतीस वर्षं त्यानं एकाच कारखान्यात गिअरचे भाग तपासले. मापात बसला तर पुढं, नाही बसला तर लाल पेटीत. स्टॉपवॉच तिथलंच. निरोपाच्या दिवशी पोरांनी नारळासोबत दिलं होतं.

बायकोनं, रत्नमालानं, चहाचा कप लॅपटॉपशेजारी ठेवला.

"अवो, पिक्चर बघायलात का शर्यत लावायलात?"

"मोजायलोय."

"काय?"

"एक बाई."

"या वयात?" ती म्हणाली आणि आत गेली.

सिनेमा परदेशी होता, हिंदीत बोलणारा. समुद्रापलीकडचं एक बेट. बेटावर उसाचे मळे, मळ्यांत राबणारे गुलाम. लांब राजधानीत एक तरुण वकील. गुलामी बंद करणारा कायदा तो सभागृहात मांडतो. दोनदा हरतो. तिसऱ्या वेळी एक म्हातारा सरदार ऐनवेळी बाजू बदलतो आणि कायदा पास होतो. टोप्या हवेत उडतात. वकील रडतो. पडद्यावर अक्षरं येतात आणि सिनेमा संपतो.

कडुबा थांबला होता तो अडतिसाव्या मिनिटाला. बेटावर पहाटेची घंटा होते. माणसं उठतात, रांगेत उभी राहतात. मागं एका झोपडीच्या दारात एक बाई बसून असते. पाय पसरलेले. ती उठत नाही. मुकादम तिच्याकडं बघतो. ती मुकादमाकडं बघत नाही. एवढ्यात राजधानी दिसू लागते आणि वकील पत्र लिहीत असतो.

कडुबानं बटण दाबलं. नऊ सेकंद. त्यानं पुन्हा मागं जाऊन मोजलं. नऊच.

बाई पुढं अख्ख्या सिनेमात कुठं नव्हती.

हे काम त्याच्या गळ्यात करुणानं घातलं होतं. करुणा त्याच्या कंपनीतल्या मित्राची मुलगी. मराठी साहित्यात एम. ए. झालेली, नोकरीच्या शोधात असलेली. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत एक वाचनालय आहे. तिथं ती दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वीस-पंचवीस माणसं गोळा करी. महिनाभरात सगळ्यांनी एक सिनेमा बघायचा आणि रविवारी एकानं उठून त्याची मांडणी करायची. कडुबा मागच्या खुर्चीत बसून ऐके. तो कधी बोलला नव्हता. मागच्या महिन्याच्या बैठकीत या सिनेमाचं नाव ठरलं तेव्हा मात्र तो चटकन म्हणाला, "मी बघितलाय. ती मागची बाई कुठं गेली, ते काही कळलं नाही."

"कुठली बाई काका?" करुणानं विचारलं.

कुणालाच आठवेना.

"मग या वेळी तुम्हीच बोला. कथेची रचना, एवढाच विषय घ्या. वीस मिनिटं."

"मला रचना काय कळती गं?"

"कंपनीत काय करत होतात?"

"चूक कुठून आली ते शोधत होतो."

"तेच करा," ती म्हणाली.

म्हणून त्यानं तेच केलं. कंपनीत बिघाड शोधायची एक रीत होती. पाच वेळा 'का' विचारायचं. गिअर का तुटला? दाता झिजला. दाता का झिजला? तापवून पाणी नीट दिलं नव्हतं, म्हणून कडक झाला नव्हता. पोलादाला पाणी का नीट दिलं नव्हतं? असं खाली खाली जायचं. पहिल्याच 'का'ला थांबून 'कामगाराची चूक' असं लिहिलं की साहेब कागद परत पाठवायचे. कडुबाचे कागद सहसा परत येत नसत. याचा त्याला अभिमान होता.

त्यानं मोठा कागद पलंगावर पसरला. स्केचपेनानं लिहिलं.

कायदा का पास झाला? म्हाताऱ्या सरदारानं बाजू बदलली.

त्यानं का बदलली? बेटावरून पत्र आलं होतं. मळे बंद पडले, साखर येत नाही, असं त्यात होतं.

मळे का बंद पडले? माणसं कामावर जाईनात.

का जाईनात? एका मळ्यावर सकाळची घंटा झाली आणि माणसं उठली नाहीत. ते बघून दुसऱ्या मळ्यावरची उठली नाहीत.

पहिल्या मळ्यावरची का उठली नाहीत?

कडुबानं पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. पाचव्या 'का'च्या तळाशी ती बाई बसली होती, सगळ्यांच्या आधी न उठलेली. पाय पसरून. वकिलाच्या भाषणाला सिनेमानं सात मिनिटं दिली होती. हिला नऊ सेकंद.

रत्नमाला ओट्याशी कणीक मळत होती. तिनं वाकून बघितलं. "झालं का तुमचं?"

त्याला आक्का आठवली होती.

आक्का म्हणजे सरूबाई, त्याची थोरली बहीण. कन्नडच्या पुढं एका खेड्यात राहते. कडुबा एक वर्षाचा असताना आई गेली. आक्का तेव्हा तेरा वर्षांची. तिनंच त्याला वाढवलं. शाळेत तिनं घातलं. कंपनीत लागला त्या दिवशी पेढे तिनं वाटले, तेही गुळाचे. ती अकरा वर्षांत त्याच्या घरी आली नव्हती.

भांडण झालं नव्हतं. तिचा कुरड्यांचा डबा दर उन्हाळ्यात येई. पत्र्याचा, झाकणावर खिळ्यानं 'क' कोरलेला. गावाकडचा सांडू नावाचा पोरगा जीप चालवतो, त्याच्याबरोबर येई. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही तिचीच शिकवण. कडुबा त्यात चहापत्ती घाली, साबण घाली, एकदा तर चष्मा घातला. डबा जाई आणि येई. आक्का येत नसे. एप्रिल लागला की कडुबा जीपचा हॉर्न ओळखायला लागे. धावत खाली जाई. पुढच्या सीटवर बघे. सीटवर डबा असे.

चूक त्याचीच होती. ती कागदावर छापलेली होती.

त्यांच्या घराकडं गावची येसकरकी होती. गावाची राखण करायची, निरोप पोचवायचे, दवंडी द्यायची. बदल्यात रोज सांजेला घुंगराची काठी वाजवत दारोदार भाकरी मागायची. आबांनी, म्हणजे वडिलांनी, धम्मदीक्षा घेतली तरी ही काठी सुटली नव्हती. पुढं सात वर्षांनी सुटली. त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली तेव्हा गावानं स्मरणिका काढली. शिकलेला म्हणून लेख कडुबाकडं आला. त्यानं लिहिलं: 'माझ्या वडिलांनी भर चावडीत, साऱ्या गावादेखत, ती काठी गुडघ्यावर ठेवून मोडली आणि ते गरजले, आजपासून आम्ही कुणाचे चाकर नाही.'

प्रकाशनाला तो वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. परिच्छेद दोन ठिकाणी पुन्हा छापून आला.

आक्काला वाचता येत नाही. तिच्या नातीनं, निशानं, वाचून दाखवला. पुढं एका लग्नात मांडवाच्या कडेला आक्कानं त्याला गाठलं. "काठी कुनी मोडली रं?"

कडुबा हसला होता. "आक्का, लिहिताना तसं लिहावं लागतं."

ती "बरं" म्हणाली. त्यानंतर ती आली नाही.

खरं काय झालं ते कडुबाला ठाऊक होतं. लहानपणी आक्काच्या तोंडून त्यानं ते शंभरदा ऐकलं होतं. पण स्मरणिकेत ते कसं लिहायचं? त्यात भाषण नव्हतं. चावडी नव्हती. त्यात एक कोंबडी होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं कन्नडची एसटी पकडली. दौलताबादच्या किल्ल्याच्या अरुंद दरवाज्यात गाडी नेहमीसारखी अडकली. कडुबा मांडीवरच्या पिशवीकडं बघत राहिला. पिशवीत गुंडाळलेला कागद होता आणि आक्कासाठी घेतलेलं गुडघ्याचं तेल. कन्नडला उतरून तो सांडूच्या जीपमध्ये बसला.

"मामा, आज डबा नाय का?" सांडूनं विचारलं.

"आज मीच."

"आरं तिच्या! मग झाकन कुठंय?"

जीपमधली माणसं हसली. कडुबाही हसला.

आक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. पांढरे केस, घट्ट अंबाडा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. चष्मा तोच, डब्यातून आलेला. तिनं वर बघितलं. पुन्हा शेंगांकडं बघितलं.

"आलास व्हय," ती म्हणाली. "निशा, पानी दे गं. शहरातलं पाव्हनं हायेत."

"पाहुणा म्हणतीस व्हय आक्का?"

"मंग काय म्हनू? लेखक?"

कडुबा पाणी प्यायला. शेजारी बसून तोही शेंगा फोडू लागला. मग त्यानं सिनेमा सांगायला घेतला. बेट सांगितलं, ऊस सांगितला, घंटा सांगितली. आक्का ऐकत नाही असं दाखवत होती. पण शेंगा फोडायचा हात मंदावला होता.

"आन ती बाई उठलीच नाय," तो म्हणाला.

"कामून?"

"दाखवलं नाय."

"पाय दुखत आसतील," आक्का म्हणाली. "उसात राबल्यावर पाय लई दुखत्यात."

कडुबाच्या कागदावर पाचव्या 'का'खाली जागा कोरी होती. तिथं एवढं साधं उत्तर लिहिता येईल, हे त्याला सुचलं नव्हतं.

"आक्का," त्यानं विचारलं, "तू टोपल्यात कोंबडी मुद्दाम बसवली व्हतीस का?"

तिचा हात थांबला. साठ वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसलं.

"टोपलं एकच व्हतं," ती म्हणाली. "भाकरी मागायचं. कोंबडी खुडूक झाली, तिला बसवाया जागा नव्हती. म्या टोपल्यात भुसा घातला, बारा अंडी ठिवली आन बसवली. सांजंला आबा काठी घिऊन निघालं. म्हन्लं, टोपलं आन. म्या म्हन्लं, कोंबडी बसलीय. एकवीस दिस उठवाया येत नाय."

"मंग?"

"मंग काय. उभं ऱ्हायले. लई येळ. कोंबडीकडं बघत. मंग काठी कोपऱ्यात ठिवली आन भाईर जाऊन बसले. सकाळी घाटात खडी फोडाया गेले."

"आन गावानं काय केलं?"

"तिसऱ्या दिशी मानूस आला बोलवाया. म्या दारात हुते. म्हन्लं, कोंबडी बसलीय. त्यो बी काय बोलंल?" आक्का पहिल्यांदा हसली. लगेच थांबली. "एकवीस दिसांनी नऊ पिल्लं निघाली. तवर समद्यांचीच सवय मोडली व्हती. आमची बी, गावाची बी."

"तुला लाज वाटायची का गं मागायची?"

"लाज आबाला वाटायची. मला कट्टाळा. रोज सांजंला काखंत तू, डोक्यावर टोपलं, आन म्होरं त्ये घुंगरू. तू लई जड व्हतास."

"मी व्हतो तिथं?" त्यानं हळूच विचारलं.

"व्हतास की. आबा कोंबडीकडं बघत ऱ्हायलं तवा माझ्याच काखंत व्हतास. अंडं पाहिजे म्हून रडत व्हतास." तिनं टरफलं सुपात लोटली. "आन लिव्हताना आपल्याला दोघांला बी भाईर काढलंस. मला काढलंस तर काढ. सोताला कशापायी काढलंस रं?"

कडुबानं पिशवीतून गुडघ्याचं तेल काढून तिच्यापुढं ठेवलं.

"रविवारी मला बोलायचंय," तो म्हणाला. "क्रांती चौकाजवळ. अकरा वाजता. तू ये. तुझ्यासमोर खरं सांगतो."

"गुडघं दुखायलेत. एसटीची पायरी चढवत नाय."

"सांडूला सांगतो. दारापातूर आणील."

"बघू," ती म्हणाली. अकरा वर्षांपूर्वीच्या 'बरं'सारखंच ते वाटलं.

रविवारी कडुबा दहालाच वाचनालयात पोचला. भिंतीवर कागद चिकटवला. पहिल्या रांगेत कडेची खुर्ची उचलून पायऱ्यांच्या जवळ ठेवली. तिच्यावर रुमाल टाकला.

"कुणी येणार आहे का काका?" करुणानं विचारलं.

"बघू," तो म्हणाला.

अकराला सगळे बसले. कडुबानं सव्वाअकरापर्यंत पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि लावलं. खाली दोनदा हॉर्न वाजला. दोन्ही रिक्षा होत्या. मग त्यानं सुरुवात केली.

त्यानं कागदाकडं बोट केलं. कंपनीत नव्या पोरांना समजवायचा तसा तो सांगू लागला. पहिला का. दुसरा का. लोक पुढं सरकून बसले. पाचव्याला तो थांबला. "या सिनेमात गुलामी सभागृहात संपत नाही," तो म्हणाला. "अडतिसाव्या मिनिटालाच संपते. पुढचा दीड तास फक्त बातमी पोचायला लागतो."

श्रीधर देशपांडे सर हात वर करून उठले. कॉलेजातून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. "मुद्दा उत्तम आहे. पण कडुबाजी, प्रेक्षकाला नायक लागतो. नऊ सेकंदांच्या बाईवर सिनेमा उभा राहत नाही."

"उभा तिच्यावरच आहे सर," कडुबा म्हणाला. "दिसत नाही एवढंच."

सर बसले.

कडुबानं खुर्चीकडं बघितलं. रुमाल तसाच होता. पिशवीतून त्यानं स्मरणिका काढली आणि आपला परिच्छेद वाचला. चावडी, गुडघा, काठी, गरजले. दोघातिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

"हे खोटं आहे," कडुबा म्हणाला. "मी लिहिलंय."

मग त्यानं टोपलं सांगितलं. काळी कोंबडी, बारा अंडी, एकवीस दिवस. दारात उभी तेरा वर्षांची पोर आणि तिच्या काखेतला दीड वर्षाचा तो. लोक हसले. मग हसणं कमी होत गेलं. आबा कोंबडीकडं बघत उभे राहिले, हे सांगताना कडुबा स्वतःच तसा उभा राहिला, हात लोंबते सोडून.

"माझ्या वडिलांनी काठी मोडली नाही," तो म्हणाला. "त्यांनी ती खाली ठेवली. ते जास्त अवघड असावं. आणि ती ठेवायला लावणाऱ्या बहिणीला मी नऊ सेकंदही दिले नाहीत. तिची माफी तिच्यासमोर मागायची होती. ती आलेली नाही."

तो खाली बसला. करुणानं आभार मानायचे होते. तिनं उठून रिकाम्या खुर्चीवरचा रुमाल उचलला आणि घडी करून कडुबाच्या हातात दिला. मग लोक आपापले उठले.

संध्याकाळी कडुबानं सगळं कागदावर उतरवलं. जसं बोलला तसं. चार पानं झाली. कुरड्यांचा डबा घरात रिकामा पडला होता. त्यात चहापत्तीवर त्यानं ती पानं ठेवली आणि सोमवारी डबा सांडूच्या हवाली केला.

"काय म्हनू आक्काला?" सांडूनं विचारलं.

"निशाला वाचून दाखवायला सांग. बाकी काय नाय."

आठ दिवस गेले. कडुबा पाचला उठे, शर्ट घालून बसे. आता बसची वाट नव्हती. रत्नमाला म्हणाली, "अवो, गॅलरीत हुबं राहून जीप येत नसती." तो आत येई, पुन्हा बाहेर जाई. एप्रिल अजून लांब होता. तरी कान रस्त्यावर होते.

नवव्या दिवशी हॉर्न वाजला. कडुबा जिना उतरला तो चपलेशिवाय. पुढची सीट बघितली. सीटवर डबा होता.

"मामा, आसं तोंड नका पाडू," सांडू म्हणाला. "निरोप लई मोठाय. आधी डबा तर उघडा."

कडुबानं फुटपाथवरच झाकण काढलं. कुरड्या नव्हत्या. आत भुसा होता. भुशावर त्याची चार पानं, घडी घातलेली. तिसऱ्या पानावर एका शब्दाभोवती निशाच्या हातचं लाल गोल होतं. 'काळी'.

"आक्का म्हन्ली, कोंबडी तांबडी व्हती," सांडूनं सांगितलं. "म्हन्ली, आदुगर काठी मोडली, आता कोंबडी काळी केली. ह्याला खरं सांगाया काय व्हतंय?"

कडुबा त्या गोलाकडं बघत राहिला. काळी कुठून आली? आक्कानं रंग सांगितलाच नव्हता. त्यानं विचारलाही नव्हता. चार माणसांसमोर बोलताना ती काळी होऊन आली होती. काळी जास्त शोभली होती.

चौतीस वर्षांत त्याचे कागद सहसा परत आले नव्हते.

"अजून काय म्हणाली?"

सांडूनं हात वर करून बोटं मोजली. निरोप विसरू नये म्हणून तो तसाच आणला होता. "एक, कागद दुरुस्त कर. दोन, तू रडत व्हतास त्ये लिव्हलंच नाय, त्ये लिव्ह. तीन, पाठवू नको. निशा वाचताना घाई करती. कागद नीट झाला की मीच यीन ऐकाया."

"कधी?"

"त्ये इचारलं म्या. म्हन्ली, त्येला इचार किती दिस लागत्यात."

कडुबा डबा उराशी धरून जिना चढला. रत्नमाला दारात उभी होती. तिनं त्याच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं, आणि वाट दिली. तो पलंगावर बसला. कोरा कागद घेतला. वर पहिली ओळ लिहिली: 'कोंबडी तांबडी होती.' मग पेन थांबलं. बारा अंडी आणि नऊ पिल्लं आक्कानं सांगितली होती. पण टोपलं वेताचं होतं की तुरकाठ्यांचं? दार कुठल्या तोंडाचं होतं? तिला विचारायला पाहिजे होतं.

त्यानं जागा कोरी सोडली आणि पुढं लिहू लागला.